चुकांचा चोख हिशेब

डोंबिवलीतल्या एखाद्या घरात रात्री नऊच्या सुमाराला व्हिडिओ अडखळतो, पडद्यावर गोल चक्र फिरायला लागतं आणि कुणीतरी वैतागून म्हणतं, "आज नेट स्लो आहे." भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर हे वाक्य मोठं मजेशीर आहे. भिंतीतल्या लॅन केबलमधून विजेचा ठोका सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. काल तो याच वेगाने धावत होता, आजही तसाच धावतोय. मग संथ झालं ते काय?

कधीकधी झालेलं असतं ते असं : वाटेत काही मजकूर बिघडला, इथे पोचल्यावर तो टाकून दिला गेला आणि पलीकडच्या यंत्राला तो पुन्हा पाठवावा लागला. बिघडलेला मजकूर आपल्यापर्यंत आलाच नाही. बँकेच्या शिलकीत एखादं शून्य वाढलं नाही, पत्रातलं अक्षर बदललं नाही. थोडा वेळ तेवढा गेला. म्हणजे आपल्याला चुकीची चाहूल लागण्याआधीच ती कुणीतरी पकडली होती. पकडणारं कोण, तर संगणकातलं नेटवर्क कार्ड, बोलण्यातलं ‘लॅन कार्ड’. पूर्वी ते खाचेत बसवायचं वेगळं कार्ड असे; आता बहुधा मदरबोर्डवरच ठाण मांडून बसलेली चिप असते.

ही चिप चूक नुसती पकडत नाही, तिची नोंदही ठेवते, आणि तीही प्रकार पाडून. लिनक्स, फ्रीबीएसडी अशा युनिक्स कुळातल्या प्रणालींवर ही नोंद कुणालाही उघडून वाचता येते. ती वाचायची कशी हे कळलं, की खुर्चीतून न उठता सांगता येतं : बिघाड तारेत आहे, टोकाच्या कनेक्टरमध्ये आहे, पलीकडच्या स्विचमध्ये आहे की आपल्याच संगणकाला वेळेवर काम उरकत नाहीये. लॅन कार्डावरच्या ‘एरर्स’ पाहून माणसं घाबरतात. खरं तर त्या नोंदीतली प्रत्येक ओळ बाहेरच्या जगातल्या एकेका जागेचा पत्ता असते.

आठ तारांतली धांदल

आधी कार्डाला करायचं काम किती अवघड आहे ते पाहू. घरोघरी वापरात असलेलं तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट इथरनेट १९९९ मध्ये प्रमाणित झालं. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या. प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी वेळा व्होल्टेज बदलतं. ते शून्य-एक अशा दोनच पातळ्यांचं नसतं. उणे एक ते अधिक एक व्होल्ट या पट्ट्यात पाच पातळ्या असतात. दोन पातळ्यांत अंतर अर्ध्या व्होल्टचं. शंभर मीटर चालून आल्यावर वरच्या वारंवारतांचा जोर दहाव्या हिश्शाच्याही खाली आलेला असतो, तरी कार्डाने पाचांतली नेमकी पातळी ओळखायची.

एवढ्यावर भागत नाही. चारही जोड्यांवर दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते. म्हणजे कार्ड ज्या तारेवर बोलतं, त्याच तारेवर त्याच क्षणी ऐकतही असतं. आपण काय पाठवलं ते त्याला ठाऊक असतं. ऐकू येणाऱ्या मिश्रणातून ते स्वतःचा आवाज आणि त्याचे प्रतिध्वनी वजा करतं, आणि उरतो तो पलीकडच्याचा क्षीण आवाज. एका ठोक्याला मिळणारा वेळ आठ नॅनोसेकंद. तेवढ्यात वीज तारेत जेमतेम एक मीटर साठ सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणून शंभर मीटरच्या केबलमध्ये कुठल्याही क्षणी प्रत्येक जोडीत, प्रत्येक दिशेने, साठेक ठोके एकामागोमाग रांगेत चाललेले असतात.

तारा पिळलेल्या असतात त्यामागेही एक जुनी, सुंदर युक्ती आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. जोडीतल्या दोन तारांवर एकमेकांच्या उलट व्होल्टेज पाठवायचं आणि पोचल्यावर दोन्हींतला फरक मोजायचा. बाहेरची खरखर पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखीच उमटते आणि वजाबाकीत उडून जाते. ठाणे-कल्याण पट्ट्यात हे फार कामाचं आहे, कारण इथे लोहमार्गावरच्या तारांत पंचवीस हजार व्होल्ट खेळत असतात आणि घरांत पंप, लिफ्ट, इन्व्हर्टर आपापली विद्युत्-कुरबूर हवेत सोडत असतात.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर एक गमतीशीर योगायोग सांगतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून आठ दशकांहून अधिक काळ कल्याणपर्यंतच्या लोकल १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर धावल्या. इथरनेटच्या प्रमाणकाने लॅन कार्डाच्या तोंडाशी असलेल्या इवल्याशा ट्रान्सफॉर्मरला घातलेली अटही १५०० व्होल्टचीच आहे. तार आणि संगणक यांच्यात एवढं प्रत्यावर्ती व्होल्टेज मिनिटभर लावलं तरी ते पलीकडे शिरता कामा नये. तारेवरचा संदेश संगणकात जातो तो चुंबकीय क्षेत्रातून. धातूला धातू कुठेच टेकलेला नसतो.

एवढी काळजी घेऊनही चूक होणार, हे प्रमाणक लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. गिगाबिट इथरनेटला दिलेली मुभा आहे एक हजार कोटी बिटांमागे एका चुकीची. तार पूर्ण वेगाने वाहत असेल तर ही दर दहा सेकंदांना एक चूक झाली. चांगली, नीट बसवलेली केबल यापेक्षा कितीतरी कमी चुकते. पण चूक झालीच, तर ती सुटता कामा नये. ती पकडायची कशी?

बत्तीस बिटांची बाकी

कल्याणच्या यार्डात उभ्या मालगाडीच्या वाघिणीवर अकरा आकडे रंगवलेले असतात. पहिले दोन वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडी क्रमांक. अकरावा आकडा वाघिणीबद्दल काहीच सांगत नाही. तो आधीच्या दहांवरून ठरलेल्या गणिताने काढलेला असतो. नोंद करताना कुणी तीनाचा आठ केला, तर गणित जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते. आधार क्रमांकातला बारावा आकडाही याच जातीचा.

लॅन कार्ड हेच करतं, पण अवाढव्य प्रमाणावर. तारेवरून मजकूर ‘फ्रेम’ नावाच्या तुकड्यांत येतो. साधी सर्वांत मोठी फ्रेम १५१८ बाइटची, म्हणजे १२,१४४ बिटांची. पाठवणारं कार्ड त्यातला मजकूर एकच प्रचंड द्विमान संख्या समजतं, तिला ठरलेल्या तेहेतीस बिटांच्या भाजकाने भागतं आणि उरलेली बत्तीस बिटांची बाकी फ्रेमच्या शेपटाला जोडतं. भागाकार शाळेतलाच, फक्त त्यात हातचा नसतो. पलीकडचं कार्ड तोच भागाकार पुन्हा करतं. बाकी जुळली तर फ्रेम आत, नाहीतर केराच्या टोपलीत. या पद्धतीचं नाव सीआरसी. तिचा गणिती पाया डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये घातला.

बारा हजार बिटांच्या संख्येचा भागाकार म्हटल्यावर केवढं मोठं यंत्र लागत असेल असं वाटतं. लागतं फक्त बत्तीस घरांचं एक सरकतं रजिस्टर आणि त्यात अधूनमधून बसवलेली काही साधी द्वारं. बिट येत जातात, घरं सरकत जातात, आणि शेवटचा बिट आत आला की बाकी तयारच असते. भागाकारासाठी वेगळा वेळ लागतच नाही.

आणि पकड कशी आहे पाहा. फ्रेममध्ये कुठेही एक, दोन किंवा तीन बिट उलटले, तर चूक हमखास पकडली जाते. इथे संभाव्यतेचा प्रश्नच येत नाही. सलग बत्तीस बिटांच्या पट्ट्यात कितीही नासधूस झाली, तरी हमखास. याहून मोठी, वेडीवाकडी नासधूस झाली, तर ती निसटण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. चार बाइटांच्या शेपटाने हे साधतं.

आवाज न करता फेकलेलं

आता विचित्र गोष्ट. बाकी जुळली नाही की कार्ड फ्रेम फेकतं आणि गप्प बसतं. पाठवणाऱ्याला "पुन्हा पाठव" असंही सांगत नाही. इथरनेटमध्ये तशी सोयच नाही. ते काम वरच्या मजल्यावरच्या टीसीपीचं, म्हणजे संगणकात पाठवणीचा हिशेब ठेवणाऱ्या आज्ञावलीचं. पोच आली नाही किंवा मधला तुकडा गहाळ दिसला, की टीसीपी तो पुन्हा पाठवतं.

पण टीसीपीचा स्वभाव एका जुन्या संकटातून घडलेला आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जेमतेम चारशे यार्डांवरचं बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला बत्तीस हजार बिटांवरून चाळीस बिटांवर कोसळला. सगळे एकदम पाठवत होते, तुकडे गळत होते, गळलेले पुन्हा पाठवल्याने गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला : तुकडा गळला की वाटेत गर्दी आहे असं समजायचं आणि स्वतःचा वेग खाली आणायचा. आजचं इंटरनेट या शहाणपणावर उभं आहे. पण भिंतीतल्या तारेत बिघाड असेल तर हेच शहाणपण अंगाशी येतं. तुकडा गळाला तो तार खराब म्हणून. टीसीपीला मात्र वाटतं गर्दी झाली, आणि ते नम्रपणे हळू होतं.

ही नम्रता किती महागात पडते त्याचं एक सूत्र १९९७ मध्ये मांडलं गेलं. त्यानुसार अमेरिकेतल्या सर्व्हरला जाऊन परत यायला वीस शतांश सेकंद लागत असतील आणि दर दहा हजार तुकड्यांत फक्त एक गळत असेल, तर जुन्या पद्धतीच्या टीसीपीची एक जोडणी सेकंदाला सातेक मेगाबिटांवर अडकते. तार हजार मेगाबिटांची का असेना! लिनक्सने २००६ पासून वापरात आणलेली ‘क्युबिक’ पद्धत यातून लवकर सावरते, पण फटका तिलाही बसतो. दहा हजारांत एक म्हणजे चिमूटभर चूक, आणि तिच्यामुळे सगळं घर म्हणतं, नेट स्लो आहे.

नोंद सापडते कुठे

युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये जन्मली. यंत्रातली शक्य तितकी गोष्ट फाइल म्हणून दाखवायची, हा तिचा फार मोठा विचार. लिनक्सने तो मनापासून उचलला. ‘सिस’ नावाच्या फोल्डरात ‘क्लास’, त्यात ‘नेट’, त्यात आपल्या कार्डाचं नाव आणि त्यात ‘स्टॅटिस्टिक्स’ असं उतरत गेलं, की छोट्या छोट्या फाइलींची रांग दिसते. प्रत्येक फाइलीत फक्त एक संख्या. एकीत आलेल्या फ्रेम, एकीत सीआरसीच्या चुका, एकीत वाहकसंकेत तुटल्याची नोंद. डिस्कवर या फाइली नसतातच. आपण उघडतो त्या क्षणी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आपल्या आणि कार्डाच्या नोंदींतून आकडा आणून समोर ठेवतो.

एकत्र पाहायचं तर ‘आयपी’ या आज्ञेला ‘डॅश एस लिंक’ जोडायचं. कार्डाच्या पोटातले आणखी बारीक आकडे हवे असतील तर ‘इथटूल’, त्यापुढे डॅश आणि कॅपिटल एस. फ्रीबीएसडीवर ‘नेटस्टॅट डॅश आय’. कर्नलने काही कुरकुर केली असेल तर ती ‘डीमेसेज’ दाखवतं. यातलं काहीही वाचल्याने यंत्राला अपाय होत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. हे आकडे सहसा यंत्र सुरू झाल्यापासूनचे असतात. तीन महिने चालू असलेल्या संगणकावर सीआरसीच्या चाळीस चुका दिसल्या, तर त्या एखाद्या वादळी संध्याकाळी एकदाच होऊन गेलेल्या असू शकतात. म्हणून आकडा टिपायचा, दहा मिनिटं मोठी फाइल उतरवायची, पुन्हा टिपायचा. वजाबाकी जे सांगते ते खरं.

आकडा तसा पत्ता

सीआरसीचा आकडा वाढतोय? मजकूर तारेवर बिघडतोय. संशयित तीन : केबल, कनेक्टर, पोर्ट. एका वेळी एकच बदलायचं आणि पुन्हा मोजायचं. सगळं एकदम बदललं तर नेट सुधारेल, पण दोषी कोण ते कधीच कळणार नाही.

वाहकसंकेताचा आकडा वाढतोय आणि डीमेसेजमध्ये ‘लिंक डाउन, लिंक अप’ची माळ लागलीय? जोड तुटतोय आणि जुळतोय. कनेक्टरची ती नाजूक प्लास्टिकची क्लिप मोडली असेल, हे सर्वांत आधी पाहावं.

चूक एकही नाही, पण इथटूल वेग हजारऐवजी शंभर दाखवतंय? हे निदान तर इतकं नेमकं आहे की थक्क व्हावं. हजारच्या वेगाला चारही जोड्या लागतात. शंभरच्या वेगाला दोनच पुरतात, कनेक्टरच्या एक-दोन आणि तीन-सहा या टोकांवरच्या. कार्ड आधी हजारचा प्रयत्न करतं, जमत नाही म्हटल्यावर शंभरवर उतरतं. म्हणजे उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तार तुटली आहे किंवा कनेक्टर क्रिम्प करताना नीट बसलेली नाही.

जुन्या स्विचवर आणखी एक नमुना दिसतो. एक टोक समजतं की दोघांनी एकाच वेळी बोलायचं, दुसरं समजतं की आळीपाळीने. मग पहिल्याच्या वहीत सीआरसीच्या चुका आणि अर्धवट फ्रेम साचतात, दुसऱ्याच्या वहीत ‘लेट कोलिजन’, म्हणजे उशिरा झालेल्या टकरी. तार धडधाकट असते. बिघाड असतो तो समजुतीतला, आणि तो फक्त दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच दिसतो.

‘ड्रॉप्ड’, ‘मिस्ड’, ‘ओव्हररन’ हे आकडे वेगळीच गोष्ट सांगतात. इथे फ्रेम शाबूत पोचलेली असते, घ्यायला कुणी हजर नसतं. कार्ड आलेल्या फ्रेम संगणकाच्या स्मृतीतल्या ठरलेल्या घरांत थेट नेऊन ठेवतं. ही घरं वर्तुळात मांडलेली, पुष्कळ कार्डांवर मुळात २५६. गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला १४,८८,०९५ येऊ शकतात. त्या वेगाने २५६ घरं भरायला लागतात १७२ मायक्रोसेकंद, सेकंदाचा सहा हजारावा भाग. प्रोसेसर तेवढा वेळ दुसरीकडे गुंतला, की पुढची फ्रेम बाहेर. इथे केबल बदलून उपयोग नाही; इथटूलने घरांची संख्या वाढवावी लागते.

या कोंडीची एक भयंकर अवस्था जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिली. प्रत्येक फ्रेमगणिक कार्ड प्रोसेसरला हाक मारत राहिलं, तर एका मर्यादेपुढे प्रोसेसर नुसत्या हाकांना ओ देत राहतो आणि प्रत्यक्ष काम शून्यावर येतं. यंत्र जिवापाड राबतंय आणि निपजत काहीच नाही. त्यांचा उपाय होता तो लिनक्सनेही पुढे आपल्या पद्धतीने आणला : पहिली हाक ऐकायची, मग हाका बंद करून स्वतःच जाऊन साचलेलं उचलायचं, आणि उचलून झालं की हाका पुन्हा सुरू. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत भिंतीएवढ्या रांगांनी उभ्या असलेल्या लिनक्स यंत्रांत हे अखंड चाललेलं असतं.

‘ड्रॉप्ड’बाबत एक सावधगिरी. लिनक्स या रकान्यात अशाही फ्रेम मोजतं ज्या आल्या नीट, पण ज्यांची भाषा समजणारं या यंत्रावर कुणी नव्हतं. तेव्हा तो एकटाच सावकाश वाढत असेल आणि सीआरसी शून्यावर असेल, तर निवांत राहावं.

हवा, पाऊस आणि सोन्याचा मुलामा

ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा पट्टा तांब्याच्या तारेसाठी कठीण प्रदेश आहे. एका बाजूला खाडीची खारट हवा, चार महिने पाऊस, आणि डोंबिवलीत एमआयडीसीतले रासायनिक कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातली ८८ औद्योगिक क्षेत्रं तपासली आणि ४३ अतिप्रदूषित ठरवली, त्यांत डोंबिवली होती. २०२० च्या फेब्रुवारीत इथला एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला होता.

हवेतल्या गंधकयुक्त वायूंना तांबं आणि चांदी फार प्रिय. दमट हवेत त्यांचे काळसर सल्फाइड बनत जातात. डेटा सेंटरांत यासाठी तांब्याची आणि चांदीची पट्टी महिनाभर टांगून ठेवतात. तांब्यावरचा थर तीनशे अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे तीस नॅनोमीटरच्या आत असला तर हवा यंत्रांना सौम्य समजतात. युरोपने २००६ पासून सर्किटांच्या जोडकामातल्या शिशावर निर्बंध आणल्यावर चांदीच्या लेपाचा वापर वाढला, आणि हा धोकाही वाढला.

म्हणून चांगल्या कनेक्टरच्या आतल्या आठ पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, सुमारे सव्वा मायक्रोमीटर जाडीचा. सोन्याला गंधक शिवत नाही. स्वस्त कनेक्टरवर हा थर इतका पातळ असतो की सूक्ष्म छिद्रांतून खालचा धातू हवेला उघडा पडतो. तिथे बुरशीसारखा थर धरला की अर्ध्या व्होल्टचा फरक ओळखणाऱ्या कार्डाची पंचाईत होते. केबल काढून पुन्हा लावली की नेट सुरू होतं, हा आपला जुना घरगुती इलाज आहे ना, त्यात अंधश्रद्धा काही नाही. कनेक्टर आत सरकताना त्याच्या पट्ट्या पोर्टमधल्या तारांवर घासतात आणि हा थर खरवडला जातो. कनेक्टरची रचनाच तशी असते.

पावसाचं गणित आणखी निराळं. एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीत ओढलेली केबल उन्हाने तडकते आणि पाणी आत झिरपतं. तारेभोवतीच्या प्लास्टिकचा विद्युत्-गुणांक सव्वादोनच्या आसपास, पाण्याचा ऐंशी. भिजलेल्या जागी केबलचा विरोध ठरलेल्या शंभर ओमवरून ढळतो आणि ठोक्याचा काही भाग तिथून मागे उसळतो. सीआरसीचा आकडा जुलैत चढतो आणि दिवाळीनंतर आपोआप उतरतो, त्यामागे हे भौतिकशास्त्र असतं.

आणि कधीकधी केबलच खोटी असते. बाहेरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा विद्युत्-रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, शिवाय ते वाकवलं की लवकर तुटतं. प्रमाणकांना आतबाहेर तांबंच लागतं. ब्लेडने तार खरवडून पाहावी. आत पांढरट चमक दिसली तर काय समजायचं ते समजावं.

तारेला हाक मारणारी चिप

आता या सगळ्यातली मला सर्वांत जादुई वाटणारी गोष्ट. पुष्कळ लॅन चिपांना तार कुठे तुटली ते अंतरासकट सांगता येतं. चिप जोडीवर एक ठोका सोडते आणि कान देऊन बसते. तार तुटलेली असेल तर ठोका तिथून माघारी येतो, सरळच्या सरळ. दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर उलटा होऊन येतो. जायला-यायला लागलेला वेळ मोजला की अंतर कळतं. प्रतिध्वनी २३० नॅनोसेकंदांनी परतला तर बिघाड तेवीस मीटरवर. लिनक्समध्ये २०२० साली, कर्नलच्या ५.८ आवृत्तीपासून, ही चाचणी इथटूलमधून थेट करता येऊ लागली. चिप आणि तिचा ड्रायव्हर मात्र ती जाणणारे हवेत. चारही जोड्यांचा निकाल वेगवेगळा मिळतो.

बिघाड जेव्हा चिपेतच असतो

दर वेळी तारच दोषी नसते. फ्रीबीएसडीवर ‘वॉचडॉग टाइमआउट’ किंवा लिनक्सवर ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ असं दिसलं, तर कर्नलने पाठवायला दिलेला मजकूर कार्डाने ठरल्या वेळात हलवलेला नाही. इथे ड्रायव्हर, चिपेची आतली आज्ञावली किंवा वीज वाचवण्याच्या सोयी यांच्याकडे पाहायचं.

यातला सर्वांत अद्भुत किस्सा २०१३ चा. क्रिस्टियन कीलहॉफनर हे इंटरनेटवरच्या दूरध्वनी यंत्रणांवर काम करत होते. त्यांच्या यंत्रांतली इंटेलची ८२५७४एल ही चिप मधेच मरायची आणि वीज पूर्ण बंद करून पुन्हा दिल्याशिवाय उठायची नाही. चिकाटीने शोध घेता घेता कारण हाती आलं : येणाऱ्या मजकुरात एका ठराविक जागी, सुमारे साडेअकराशे बाइटांपुढे, ‘२’ हे अक्षर आलं की चिप गतप्राण. त्याच जागी ‘४’ आधी येऊन गेला, तर पुढे कितीही ‘२’ आले तरी काही होत नसे. जणू लस टोचली होती. इंटेलने तपासून सांगितलं, की एका मदरबोर्ड उत्पादकाने चिपेच्या छोट्या स्मृतीत चुकीचा मजकूर भरला होता. सीआरसीची बाकी इथे बिनचूक जुळत होती. तार निर्दोष, मजकूर निर्दोष, तरी मृत्यू.

बाकी जुळली म्हणजे सगळं आलबेल, असं नसतं हे जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० मध्ये मोठ्या मोजणीतून दाखवलं होतं. तारेवरच्या सीआरसीतून पार झालेल्या तुकड्यांपैकी दर ११०० ते ३२,००० मागे एक तुकडा टीसीपीच्या स्वतःच्या पडताळणीत नापास होत होता. म्हणजे बिघाड दोन तारांच्या मधल्या यंत्रांत, त्यांच्या स्मृतीत आणि आज्ञावलीत होत होता, जिथे सीआरसीचा पहारा नसतो. पहारा प्रत्येक मजल्यावर वेगळा ठेवावा लागतो तो यामुळेच.

या पडताळणीबाबत नवख्यांना हटकून पडणारा एक पेच सांगून ठेवतो. ‘टीसीपीडंप’ या येता-जाता मजकूर दाखवणाऱ्या साधनाने आपल्याच यंत्रातून बाहेर जाणारा मजकूर पाहिला, तर तुकड्यामागून तुकडा ‘चेकसम चुकीचा’ अशी बोंब दिसते. घाबरू नये. हल्ली पडताळणीची ती बेरीज (चेकसम) प्रोसेसर करत नाही, लॅन कार्ड करतं, तेही अगदी बाहेर पडताना. टीसीपीडंप मजकूर त्याआधीच पाहतं.

हे सगळं कळल्यावर घरात बदलतं ते इतकंच, की तक्रार करता येते ती नेमकी. घरचे राउटरही पुष्कळदा आत लिनक्सच चालवतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या तारेचा हिशेबही काहींच्या पोटात सापडतो. नेटवाल्याला फोन लावून "दादा, नेट स्लो आहे" म्हटलं, की "राउटर बंद करून चालू करा" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी सांगायचं, "दादा, वेग हजारचा शंभर झालाय. चौथी जोडी एकोणीस मीटरवर तुटलेली दाखवतेय. तिथे गच्चीवर तुमचा जोड आहे ना?" राउटर बंद-चालू करा असं यावर कुणाला म्हणता येत नाही. माणूस क्रिम्पिंग टूल घेऊन सरळ गच्चीवर जातो.